पूर्वजन्मस्मृती आणि साधकाचा विवेक

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने एक सरळ शंका विचारली आहे. सूर्याचा जन्म फार प्राचीन आणि श्रीकृष्णाचा जन्म अलीकडचा; मग हा योग सूर्याला प्रथम श्रीकृष्णाने सांगितला, हे कसे समजावे? त्यावर भगवान सांगतात की, दोघांचेही अनेक जन्म होऊन गेले आहेत, भेद इतकाच की, त्या सर्वांचे ज्ञान एकाला आहे, दुसऱ्याला नाही (४.५). हा श्लोक आपण नित्य पाठात म्हणतो. परंतु त्यातून निघणारा एक प्रश्न आज पुष्कळ घरांत प्रत्यक्ष उभा राहिला आहे. जे अर्जुनाला ठाऊक नव्हते, ते आपण जाणून घ्यावे काय? आणि तसे काही दिसल्यासारखे वाटले, तर त्याचा अर्थ कसा लावावा?

अलीकडे मोठ्या शहरांतून ‘पास्ट लाइफ रिग्रेशन’ या नावाचा एक प्रयोग रूढ झाला आहे. मनुष्याला निजवून किंवा बसवून, त्याचे शरीर शिथिल करवून, मधुर सूचनांनी संमोहित अवस्थेत नेतात आणि बालपणाच्याही पलीकडे जावयास सांगतात. अमेरिकेतील मनोरोगवैद्य ब्रायन वाइस यांचा या विषयावरील ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर या प्रयोगाचा प्रसार विशेष झाला. कोणाला त्या अवस्थेत राजवाडा दिसतो, कोणाला पूर आलेली नदी, कोणाला रणांगण. मनुष्य रडतो, हसतो, कधी हलका होऊन घरी परततो. तर कधी नवाच भार घेऊन परततो.

या अनुभवांकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या दृष्टी आहेत. एक पक्ष म्हणतो, जे दिसले ते प्रमाण. दुसरा पक्ष म्हणतो, सारे थोतांड. गीतेचा अभ्यास करणाऱ्याने या दोहोंपैकी कोणत्याही पक्षाला घाईने मिळू नये. प्रस्तुत पाठात आपण तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू : पूर्वजन्माच्या वारशाविषयी गीता काय सांगते, संमोहनात दिसणारे दृश्य कितपत विश्वसनीय असते, आणि ते दृश्य आत्मोन्नतीच्या कामी कसे लावावे.

१. गीतेतील वारसा

देही एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो, हा सिद्धान्त दुसऱ्या अध्यायात वस्त्राच्या दृष्टान्ताने मांडला आहे (२.२२). पंधराव्या अध्यायात वायूचा दृष्टान्त आहे. वारा फुलांवरून जाताना त्यांचा गंध बरोबर नेतो, तद्वत् जीव मन व इंद्रिये घेऊन जातो (१५.८). येथे क्षणभर थांबावे. वारा गंध नेतो, फूल नेत नाही. गंधावरून मोगरा की चाफा हे ओळखता येते. पण ते फूल कोणाच्या अंगणातील, कोणत्या फांदीवरील, हे गंध सांगत नाही.

हाच अभिप्राय सहाव्या अध्यायात अधिक स्पष्ट झाला आहे. योगभ्रष्ट पुरुषाचे पुढे काय होते, या प्रश्नाच्या उत्तरात भगवान सांगतात की, तो पुन्हा जन्म घेतो, पूर्वदेहात साधलेला बुद्धीचा योग त्याला प्राप्त होतो, आणि पूर्वीचा अभ्यास त्याला त्याच्या इच्छेवाचूनही ओढून नेतो (६.४३–४४). त्याला मागील जन्मीचे नाव आठवते, गाव आठवते, आप्त आठवतात, असे येथे कोठेही म्हटलेले नाही. परत येते ती बुद्धीची ठेवण आणि अभ्यासाची ओढ. गीतेच्या दृष्टीने पूर्वजन्माची खरी मिळकत ती हीच.

आणखी एक गोष्ट मननीय आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन शोकाने इतका व्याकूळ झाला की, धनुष्य टाकून रथात बसला. त्याचे सर्व जन्म जाणणारा समोर होता. ‘तू अमुक जन्मी अमुक होतास, हे भीष्म तुझे अमुक होते, म्हणून तुला हा मोह होतो’ असे एक वाक्य बोलून त्याचे समाधान करणे भगवंताला अशक्य नव्हते. अकराव्या अध्यायात त्याने अर्जुनाला दिव्य चक्षूही दिले (११.८). परंतु त्या चक्षूंनी अर्जुनाला विश्वरूप दिसले. स्वतःच्या मागील जन्मांचा पट भगवंताने त्याला दाखविला नाही. जो वैद्य रोगाचे सारे मूळ जाणतो, त्याने एखादे औषध हाताशी असून दिले नाही, तर त्या रोगावर ते औषध अवश्य नव्हते, असेच समजले पाहिजे.

२. योगशास्त्रातील साक्षात्कार आणि संमोहन

पूर्वजन्माचे ज्ञान होऊ शकते, हे आपल्या शास्त्रांनी नाकारलेले नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत दोन ठिकाणी त्याचा उल्लेख येतो. साधनपादात अपरिग्रह स्थिर झाल्याचे फळ म्हणून जन्माचे ‘का’ व ‘कसे’ कळते, असे सांगितले आहे (२.३९), आणि विभूतिपादात संस्कारांवर संयम केल्याने पूर्वजातीचे ज्ञान होते, असे म्हटले आहे (३.१८). संयम म्हणजे एकाच विषयावर धारणा, ध्यान व समाधी. अर्थात् यमनियमांपासून पायरीपायरीने चढलेल्या पुरुषाची ही अवस्था होय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही वेदाभ्यास, शुचिता, तप आणि भूतमात्रांचा अद्रोह यांनी पूर्वजातीचे स्मरण होते, असे सांगितले आहे.

संमोहनाशी याचा भेद लक्षात घ्यावा. योगी स्वाधीन असतो. संमोहित मनुष्य दुसऱ्याच्या सूचनेच्या अधीन असतो. योग्याने संग्रहाची इच्छा आधीच सोडलेली असते. संमोहनाला बसलेला मनुष्य पुष्कळदा काहीतरी मिळावे, दिसावे या उत्कंठेने बसलेला असतो. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पतनाची परंपरा सांगितली आहे : क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धीचा नाश (२.६३). तेथील संमोह व आजची संमोहनाची क्रिया एक नव्हेत, हे खरे. तथापि विवेक झाकला गेला म्हणजे स्मृतीही विश्वासार्ह राहत नाही, हा नियम दोन्ही ठिकाणी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

३. अनुभवाची परीक्षा

हा नियम केवळ शास्त्रवचन नव्हे, हे गेल्या शतकातील काही उदाहरणांवरून दिसून येते. १९५२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मोरे बर्न्स्टाइन या हौशी संमोहकाने एका तरुण गृहिणीला संमोहित केले, तेव्हा ती स्वतःला आयर्लंडमधील ब्रायडी मर्फी म्हणवू लागली आणि १७९८ चा जन्म सांगू लागली. १९५६ साली त्यावरील पुस्तकाने त्या देशात मोठी खळबळ उडाली. पुढे वार्ताहरांनी शोध केला, तेव्हा आयर्लंडमध्ये त्या व्यक्तीच्या जन्ममृत्यूची नोंद मिळाली नाही. उलट त्या गृहिणीच्या बालपणी शिकागोत तिच्या घरासमोर आयर्लंडची एक स्त्री राहत होती आणि तिचे नाव ब्रायडी हेच होते, असे वृत्तपत्राने प्रसिद्ध केले.

याहून जुने एक उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९११ साली लोज डिकिन्सन यांनी इंग्लंडमधील एका स्त्रीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. संमोहनात ती चौदाव्या शतकातील राजा दुसरा रिचर्ड याच्या काळातील माणसांची नावे व चालीरीती सांगे, आणि पुष्कळ तपशील इतिहासाशी जुळत. शेवटी तिच्याच तोंडून उलगडा झाला की, तो सारा मजकूर तिने बालपणी ऐकलेल्या एमिली होल्ट यांच्या एका कादंबरीतील होता. तिने कोणाची फसवणूक केली नव्हती. ऐकलेले मनात राहिले होते. ते कोठून आले, एवढेच ती विसरली होती.

कॅनडातील कार्लटन विद्यापीठाचे निकोलस स्पॅनोस यांनी या विषयावर प्रयोग केले व १९९१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वजन्माविषयी आधी जशी अपेक्षा मनात घातली जाई, तसे जन्म लोकांना दिसत; आणि ज्या काळात आपण होतो असे ते सांगत, त्या काळाविषयीच्या साध्या प्रश्नांत ते चुकत. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात तर संमोहनही नव्हते. लहानपणी तुम्ही बाजारपेठेत हरवला होता, अशी न घडलेली हकीकत घरच्यांच्या आधाराने २४ जणांना सांगण्यात आली, आणि त्यांतील सुमारे पाव लोकांना ती थोडीबहुत आठवू लागली. ह्याच जन्मीच्या स्मृतीची जर ही अवस्था, तर मागील जन्माच्या स्मृतीविषयी किती सावध असावे!

यावरून पुनर्जन्म खोटा ठरतो काय? मुळीच नाही. येथे परीक्षा झाली ती एका उपायाची, सिद्धान्ताची नव्हे. दिल्लीच्या शांतिदेवीचा वृत्तान्त पुष्कळांना परिचित असेल. १९२६ साली जन्मलेली ही मुलगी लहानपणीच मथुरेतील आपल्या पूर्वीच्या घराविषयी व पतीविषयी बोलू लागली. १९३५ साली तिला मथुरेला नेण्यात आले, आणि महात्मा गांधींनीही त्या प्रकरणात लक्ष घातले होते. बालचंद नाहटा यांच्यासारख्या टीकाकारांनी त्याच सुमारास शंकाही मांडल्या. परंतु तेथे संमोहन नव्हते. बालिका आपण होऊन बोलत होती. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी अशा मुलांच्या हकीकतींचा अभ्यास करण्यात आयुष्य वेचले. १९६६ साली त्यांचा वीस प्रकरणांचा ग्रंथ निघाला. पुनर्जन्माच्या पुराव्याचा शोध घेणाऱ्या या संशोधकाचाही संमोहनातून मिळालेल्या कथांवर विश्वास नव्हता, ही गोष्ट श्रद्धावंतांनी अवश्य लक्षात ठेवावी.

४. स्मृतीने काय करावे?

आपल्या परंपरेत पूर्वजन्म आठवलेल्यांच्या ज्या कथा आहेत, त्यांत त्या स्मृतीचा उपयोग कसा झाला, हे आता पाहू.

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधातील राजा भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करीत होता. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचे पाडस त्याने पाण्यातून वाचविले, आणि पुढे त्या पाडसातच त्याचे चित्त गुंतले. अंतकाळी तेच चिंतन राहिल्याने तो हरीण झाला. परंतु पूर्वाराधनेच्या बळाने त्याची स्मृती कायम राहिली. त्या स्मृतीने त्याने काय केले? त्याने पाडसाला दोष दिला नाही. ‘माझ्या तपाचा नाश करणारा तो कोणी वैरी होता’ असा निष्कर्ष काढला नाही. तो कळप सोडून पुन्हा त्याच आश्रमाकडे गेला आणि देह पडण्याची शांतपणे वाट पाहत राहिला. पुढील जन्मी जडभरत होऊन तो आसक्तीपासून सावध राहिला. आठवणीतून त्याने स्वतःचा एक दोष ओळखला, एवढेच. पण तेवढ्याने काम झाले.

जैन आगमांत मेघकुमाराची कथा आहे. श्रेणिक राजाच्या या पुत्राने महावीरांजवळ दीक्षा घेतली. पहिल्याच रात्री त्याचे अंथरूण दाराशी आले. येणाऱ्याजाणाऱ्या मुनींच्या पायांचा धक्का लागून त्याला झोप लागेना. सकाळी घरी परतावे, असे त्याने ठरविले. तेव्हा महावीरांनी त्याला त्याचा पूर्वजन्म सांगितला. तो हत्ती होता. वणव्यात सारे प्राणी एका मोकळ्या जागी दाटीवाटीने जमले असता त्याने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला, आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. सशाला इजा होऊ नये म्हणून त्याने अडीच दिवस पाय अधांतरी धरला, आणि त्यातच त्याचा अंत झाला. पशुदेहात जो इतके सोसू शकला, त्याला माणसाच्या देहात पायाचा धक्का सोसवेना काय? मेघकुमाराला ते आठवले आणि त्याने आपला देह मुनींच्या सेवेला वाहिला. स्मृतीने येथे आजच्या कर्तव्याला बळ दिले.

तिसरी कथा योगसूत्रांवरील व्यासभाष्यातील जैगीषव्यांची. त्यांना दहा महासर्गांतील आपले जन्म दिसले. आवट्याने त्यांना विचारले की, देव व मनुष्य होऊन इतके जन्म घेतलेत, त्यांत सुख अधिक की दुःख? जैगीषव्यांनी उत्तर दिले की, जे जे भोगले ते सर्व दुःखच होते असे मी जाणतो. इतक्या जन्मांचा पट पाहून त्यांनी त्यातील एकही राज्य, एकही वैभव वर्णन करून सांगितले नाही. आज कोणी संमोहनातून उठून आपल्या पूर्वीच्या वैभवाचे वर्णन करू लागला, तर त्याने या उत्तराचे स्मरण करावे.

५. अर्थ लावण्याची रीत

कोणाला असा अनुभव आला असेल, संमोहनात, ध्यानात किंवा स्वप्नात, तर त्याने काय करावे? ‘हे खरेच घडले काय?’ या प्रश्नाचा निकाल बहुधा लागत नाही. ‘हे दृश्य माझ्या आजच्या मनातील कोणता संस्कार दाखविते?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळू शकते. गीतेने राग, भय आणि क्रोध ही तीन नावे एकत्र घेतली आहेत (२.५६, ४.१०). बहुतेक दृश्ये या तिहींपैकी एका खाली येतात.

भयाचे दृश्य. एखाद्याला पाण्याचे भय आहे, आणि त्याला आपण बुडत असल्याचे दिसले. भयाला आकार मिळाला म्हणजे कधीकधी मन हलके होते. तो लाभ घ्यावा. मात्र मन हलके झाले, एवढ्यावरून कथा सिद्ध होत नाही. पुढे उपाय करावयाचा तो याच जन्मी, हळूहळू, पाण्याच्या काठाशी उभे राहूनच.

रागाचे, म्हणजे आसक्तीचे दृश्य. आपण राणी होतो, ऋषी होतो, सेनापती होतो, असे दिसले तर पाहावे की, आपल्याला कशाची भूक आहे. मानाची असेल, तर सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीचे वर्णन (१६.१३–१५) एकवार शांतपणे वाचावे.

क्रोधाचे दृश्य सर्वांत धोक्याचे. समजा, एखाद्या सुनेला दिसले की, आपली सासू मागील जन्मी आपला घात करणारी होती. किंवा एखाद्या पतीला सांगण्यात आले की, पत्नीशी त्याचे जुने वैर आहे. त्या घरात उद्या सकाळचा चहासुद्धा सरळ मनाने घेतला जाणार नाही. म्हणून हा नियम दृढ धरावा की, अशा दृश्याच्या आधारे दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीविषयी निर्णय घेऊ नये. विवाह, वाटणी, देणेघेणे, संबंध तोडणे किंवा जोडणे, यांपैकी काहीही त्यावरून ठरवू नये. दृश्यात दुसरा कोणीही दिसो, त्यातून शिकावयाचे ते स्वतःविषयीच.

त्याचप्रमाणे, प्रत्यक्ष होणारा अन्याय ‘मागील जन्मीचा हिशेब’ म्हणून सोसत राहण्यास कोणालाही सांगू नये. घरात मारहाण होत असेल, तर ती थांबविणे हाच आजचा धर्म होय. कर्मसिद्धान्त आपल्या स्वतःच्या पुरुषार्थासाठी आहे. दुसऱ्याच्या पाठीवरील वळ योग्य ठरविण्यासाठी तो नव्हे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एखाद्या मातेचे मूल जन्मतः अपंग आहे, किंवा तिचे मूल दगावले आहे. ‘असे का?’ हा प्रश्न घेऊन ती कोणाकडे जाते, आणि तिला दिसते अगर सांगितले जाते की, पूर्वजन्मी तिने कोणा बालकाचा छळ केला होता. त्या क्षणी तिच्या दुःखावर अपराधाचे ओझे चढते. आणि ज्या हातांनी मुलाला उचलावयाचे, तेच हात तिला पापी वाटू लागतात. या मातेला गीता काय सांगते? कर्माची गती गहन आहे, असे स्वतः भगवंतांनी म्हटले आहे (४.१७). जी गती त्यांनी गहन म्हटली, तिचा निवाडा अर्ध्या तासाच्या प्रयोगात करण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? आणि योगभ्रष्टाच्या प्रसंगी भगवान अर्जुनाला ‘तात’ असे वात्सल्याने संबोधून आश्वासन देतात की, कल्याण करणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही (६.४०). आपल्या मुलाची रात्रंदिवस सेवा करणारी माता कल्याणकारी नव्हे, तर दुसरे कोण? तिने त्या दृश्याला निरोप द्यावा आणि हे आश्वासन जवळ ठेवावे.

येथे एक व्यावहारिक सूचना. ज्यांना तीव्र उदासीनता आहे, भास होतात, किंवा जीव नकोसा वाटतो, त्यांनी या प्रयोगाच्या वाटेला जाऊ नये. योग्य वैद्याचा उपचार घ्यावा. औषध घेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

६. अभ्यास

पुढील साधन एक सप्ताह करून पाहावे. रात्री निजण्यापूर्वी एका वहीत तीन ओळी लिहाव्यात : आज कोणत्या प्रसंगी भय, राग अगर क्रोध माझ्या इच्छेवाचून उठला, त्या वेळी मी काय केले, आणि उद्या तसाच प्रसंग आल्यास काय करीन. पूर्वजन्मीचे काही दिसले असेल, तर तेही याच वहीत, याच तीन प्रश्नांखाली लिहावे. त्याला निराळी वही करू नये. जी ओढ आपल्याला न विचारता येते, तिलाच सहाव्या अध्यायात पूर्वाभ्यास म्हटले आहे. ती रोज आपल्या स्वयंपाकघरात, कचेरीत, गाडीच्या गर्दीत प्रकट होत असते. तिच्या दर्शनासाठी डोळे मिटून दूर जाण्याचे कारण नाही.

मननासाठी दोन प्रश्न : भरताने पाडसाला दोष का दिला नाही? आणि माझ्या घरातील कोणत्या माणसाला मी एखाद्या जुन्या कथेच्या चष्म्यातून पाहत आहे?

संपूर्ण उपदेश झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला सांगितले की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर (१८.६३). त्यांनी त्याच्या बुद्धीला निजविले नाही, जागविले. त्यानंतर अर्जुन म्हणतो की, माझा मोह गेला व मला स्मृती लाभली (१८.७३). कोणती स्मृती? मागील जन्मी आपण कोण होतो, ही तर नव्हे. त्याविषयी त्याला शेवटपर्यंत काही सांगितले गेले नाही. आपण तत्त्वतः कोण आहोत आणि या घटकेला आपले कर्तव्य काय, याची ती स्मृती होती. तिच्या बळावर तो उठून उभा राहिला. आपल्यालाही जी स्मृती मागावयाची, ती हीच होय.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥